मूल दत्तक घेताय आणि नोकरीही सुरू आहे? रजा, पगार, इन्शुरन्सबद्दल सारखे येणारे प्रश्न

दत्तक घेणाऱ्या किंवा घ्यायचा विचार करणाऱ्या नोकरदार लोकांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एका जागी गोळा केलेत. सगळं भारतातल्या नियमांप्रमाणे आहे. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे नंबर दिलाय, परत लिहीत बसले नाही. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ३ आणि ४ वाचा, नव्वद टक्के भांडणं त्या दोनांतच असतात.

१. मूल दत्तक घेतलं तर मॅटर्निटी लीव्ह मिळते का? की ती फक्त बाळंतपणासाठीच असते?

मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं आली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय आणि हा विषय तिच्या कलम ६० मध्ये गेलाय, त्यामुळे एचआरनं अजून जुन्या कायद्याचं नाव घेतलं तर गोंधळू नका, दत्तकाची तरतूद जवळपास जशीच्या तशी उचललेली आहे. २६ आठवडे जे सगळीकडे ऐकू येतं ते बाळंतपणासाठी. दत्तकासाठी १२ च. ते बरोबर आहे का हा वेगळा विषय. माझं मत विचाराल तर नाही, कारण नवीन घरात आलेल्या मुलाला माणसं ओळखीची व्हायलाच तेवढे दिवस जातात.

बाळाच्या वयाची जी अट कायद्यात लिहिली होती तिचं प्रश्न ४ मध्ये.

२. आमची कंपनी छोटी आहे, मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, मला लागू होतं का?

दुकान असो, ऑफिस असो, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर साधारणपणे लागू होतं. फॅक्टरीला तर होतंच. कॉन्ट्रॅक्टवर आहात, प्रोबेशनवर आहात, रोजंदारीवर आहात, यानं हक्क जात नाही. अट एवढीच की मागच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं पाहिजे. आता गंमत अशी की कायद्यात हे १२ महिने बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजायचे असं लिहिलंय, आणि दत्तकात तशी तारीख नसते. मूल हातात आल्याच्या तारखेपासून मागे मोजणं हाच त्याचा सरळ अर्थ लागतो, तेच धरून अर्ज करा.

फ्रीलान्सर असाल किंवा ऑफिसात सहाच जण असाल तर कायद्याचा आधार नाही, मालकाशी बोलूनच जे होईल ते. त्यासाठी प्रश्न २३ बघा.

३. १२ आठवडे नक्की कधीपासून मोजायचे? बाळ घरी आलं त्या दिवसापासून की ऑर्डर आली त्या दिवसापासून?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि इथेच लोकांची रजा वाया जाते.

कायद्यातले शब्द आहेत की मूल आईच्या हवाली केलं त्या तारखेपासून. ऑर्डरची तारीख तिथे नाहीच. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरून तुम्हाला मुलाची माहिती येते, ४८ तासांत हो म्हणून मूल रिझर्व्ह करायचं असतं, मग तुम्ही संस्थेत जाता, मुलाला भेटता, स्वीकारपत्रावर सही करता आणि मूल घरी घेऊन येता. पण या वेळी कायदेशीर दत्तक पूर्ण झालेलं नसतं. याला प्री-अडॉप्शन फॉस्टर केअर म्हणतात, त्याचं एक प्रतिज्ञापत्र होतं. दत्तकाचा आदेश त्यानंतर येतो. पूर्वी तो कोर्ट द्यायचं, बाल न्याय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. त्याला आठवडे नाही, बरेचदा महिने लागतात.

म्हणजे एचआर म्हणाला की "ऑर्डर आणा मग रजा मंजूर करतो" तर काय होईल? मूल मार्चमध्ये घरी आलं, ऑर्डर जूनमध्ये आली, आणि बारा आठवडे मार्चपासून मोजले तर ते संपूनही गेले. हातात कागद आला तेव्हा रजा शिल्लक शून्य. असं होऊ द्यायचं नाही. अर्ज मूल घरी येण्याच्या तारखेपासून करा, सोबत फॉस्टर केअरचं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि खाली एक ओळ लिहून द्या की दत्तक आदेशाची प्रत मिळताच जमा करेन. बहुतेक एचआरवाले यावर मान्य होतात कारण त्यांनाही फाइलला कागद लागतो, तो मिळाला. "लीगली अडॉप्ट असा शब्द आहे" असं कोणी अडवलं तर त्याच वाक्यात पुढे हवाली केल्याची तारीख लिहिलीय ते वाचून दाखवा.

आणि हो, १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, रविवार सुट्ट्या धरून. कामाचे ८४ दिवस नाही, पण पगार मोजतानाही रविवार धरूनच मोजायचा.

४. आमचं बाळ सात महिन्यांचं आहे, एचआर म्हणतो तीन महिन्यांच्या आतलंच चालतं. खरं आहे का?

२०१७ च्या दुरुस्तीत तसं लिहिलं होतं हे खरं, तीन महिन्यांपेक्षा कमी वयाचं मूल. २०२० साली पास झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही (प्रश्न १ मधली, लागू २०२५ ला झाली) तेच शब्द आले.

पण ही अट कागदावर किती विचित्र आहे ते समजून घ्या, कारण बॉसशी बोलताना हेच कामाला येतं. आईवडिलांनी स्वतः बाल कल्याण समितीसमोर मूल सोपवलं तर कायदा त्यांना विचार बदलायला ६० दिवस देतो, आणि ते बरोबरच आहे. मूल कुठेतरी सोडलेलं सापडलं तर समितीनं चौकशी करून ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करायचं असतं, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी त्याला दोन महिन्यांची आणि मोठ्या मुलासाठी चार महिन्यांची मुदत. म्हणजे जन्मल्या दिवशीच संस्थेत आलेलं बाळसुद्धा दोन महिन्यांच्या आसपास कुठे पोर्टलवर दिसणार. पुढे पालकांशी जुळवणी, रिझर्व्हेशन, भेट, मेडिकल बघणं, प्रवास. तीन महिन्यांच्या आत मूल घरी आणायचं तर एकही दिवस कुठे इकडे तिकडे व्हायला नको, आणि सरकारी कामात ते कधी होतं ते तुम्हीच सांगा. म्हणजे एका कायद्यानं रजा दिली आणि दुसऱ्या कायद्याच्या मुदतीनं ती काढून घेतली.

याच कारणावरून या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि मार्च २०२६ मध्ये कोर्टानं ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे कंपनीनं २०१७ साली लिहिलेली पॉलिसी दाखवून "नाही" म्हटलं तर तिथेच थांबू नका, अर्ज करायच्या आठवड्यात ही अट कोणत्या स्थितीत आहे ते एखाद्या लेबर वकिलाला विचारून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. दुसरं म्हणजे कायदा फक्त किमान सांगतो. कंपनीनं जास्त द्यायला कुठलीही आडकाठी नाही, आणि कितीतरी मोठ्या कंपन्या वयाची अट न घालता रजा देतातही. हँडबुकमध्ये "अडॉप्शन लीव्ह" असा वेगळा मथळा आहे का ते आधी शोधा. मॅटर्निटीच्या पानावर बघून लोक निराश होतात आणि ते चार पानं पुढे असतं.

५. रजेत पगार पूर्ण मिळतो का? आणि देतं कोण?

रजा सुरू व्हायच्या आधीच्या तीन महिन्यांतल्या रोजच्या सरासरी वेतनाच्या हिशेबानं मिळतो. देणार मालक. पण तुम्ही ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेत) असाल, म्हणजे महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत, तर पैसे ईएसआयसी देतं, कंपनी नाही. तिथली अट वेगळी आहे: लगतच्या दोन योगदान कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून निदान ७० दिवसांचं योगदान भरलेलं पाहिजे. दत्तकासाठी तिथेही १२ आठवडेच.

इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम वगैरे सरासरीत धरायचं की नाही यावर कंपनीतले पगाराचा हिशेब करणारे वाद घालतात, त्यांना हिशेब लेखी द्यायला सांगा.

६. एचआर पोर्टलवर "अपेक्षित प्रसूती दिनांक" टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, काय टाकू?

हसू येतं पण खूप जणींना हा त्रास होतो. लाल चांदणीवाला रकाना, त्याखाली डॉक्टरांचं सर्टिफिकेट अपलोड करा, त्याशिवाय सबमिटचं बटण राखाडीच. खोटी तारीख टाकू नका आणि कुठलाही भलताच कागद तिथे चिकटवू नका, पुढे ऑडिटमध्ये कोणीतरी विचारतं. सरळ मेल करा, मॅनेजरला आणि एचआरला एकत्र, साधारण असा:

"मी कारामार्फत मूल दत्तक घेत आहे. मूल दिनांक अमुक रोजी प्री-अडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये माझ्या ताब्यात येत आहे. त्या दिवसापासून १२ आठवड्यांची दत्तक रजा मंजूर करावी. प्रतिज्ञापत्राची प्रत जोडली आहे, दत्तक आदेश मिळाल्यावर देईन. पोर्टलवर दत्तकासाठी पर्याय नसल्यानं मेलनं अर्ज करत आहे."

मेलला तारीख असते. तोंडी सांगितलेल्याला नसते.

७. कंपनीला कोणते कागद द्यायचे? सगळी फाइल मागतायत.

सगळी फाइल द्यायची नाही. कंपनीला कळायला हवं ते एवढंच की मूल कधी ताब्यात आलं, त्याची जन्मतारीख काय, आणि नंतर दत्तक आदेश झाला. म्हणजे प्रतिज्ञापत्र किंवा संस्थेचं ताबापत्र, मग आदेश, मग तुमच्या नावाचा जन्मदाखला. जन्मदाखला आदेशानंतर निघतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो मागणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं.

चाइल्ड स्टडी रिपोर्ट (मुलाबद्दलचा संस्थेचा अहवाल) आणि मेडिकल रिपोर्ट कंपनीच्या कामाचे नाहीत. मूल कुठे सापडलं, कोणी सोपवलं, काय आजार होता, हा मुलाचा स्वतःचा इतिहास आहे, तो तुमच्या ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडायला नको. मोठं झाल्यावर त्याला तो तुमच्याकडून कळला पाहिजे. होम स्टडी रिपोर्टही (सोशल वर्करनं घरी येऊन तुमच्याबद्दल केलेला अहवाल) देऊ नका, त्यात तुमचं उत्पन्न, लग्न, तब्येत सगळं असतं.

८. नवऱ्याला रजा मिळते का?

खासगी नोकरीत कायद्यानं नाही. बाळंतपणातही नाही, दत्तकातही नाही. कंपनीची पॅटर्निटी पॉलिसी असेल तर त्यात दत्तकाचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर विचारा, बरेचदा मुद्दाम वगळलेलं नसतं, लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नसतं. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, ते पुढच्या प्रश्नात.

९. मी केंद्र सरकारी नोकरीत आहे, मला १२ आठवडेच का?

नाही, तुमचे नियम वेगळे आणि बरेच चांगले. सीसीएस म्हणजे केंद्रीय नागरी सेवा रजा नियमांत ४३-ब खाली महिला कर्मचाऱ्याला १८० दिवसांची दत्तक रजा आहे. अट: मूल एक वर्षाच्या आतलं आणि हयात मुलं दोनपेक्षा कमी. ही रजा दत्तक पूर्ण झाल्यावरच नव्हे तर प्री-अडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये मूल घेतल्यापासूनही मिळते, म्हणजे प्रश्न ३ मधला झगडा इथे नियमातच सोडवलाय, खासगी कंपन्यांनी हे वाक्य नुसतं कॉपी केलं तरी पुरे. रजेत पूर्ण पगार, आणि तुमच्या रजेच्या खात्यातून काही कापत नाहीत.

१८० दिवसांना जोडून इतर शिल्लक रजाही घेता येते. किती, तर एक वर्षातून मुलाचं वय वजा करून. मूल चार महिन्यांचं असेल तर आणखी आठ महिन्यांपर्यंत, दहा महिन्यांचं असेल तर दोनच. लहान मूल म्हणजे जास्त रजा असा सरळ हिशेब, मोठ्या मुलाला आईची गरज कमी असते असं कोणी ठरवलं देव जाणे.

पुरुष कर्मचाऱ्याला ४३-अअ खाली १५ दिवस, एक वर्षाच्या आतल्या मुलासाठी, सहा महिन्यांच्या आत घ्यायचे.

मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल तर दत्तक रजा नाही, पण बाल संगोपन रजा आहे. महिला आणि एकल पुरुष कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. पाच वर्षांची मुलगी घरी आणणाऱ्या आईला हीच रजा उपयोगी पडते, पण ती हक्कानं नाही, साहेबाच्या मंजुरीनं मिळते, म्हणून आधीपासून बोलून ठेवलेलं बरं.

१०. आणि महाराष्ट्र शासनाचे कर्मचारी, झेडपीचे शिक्षक?

केंद्राचा नियम दाखवून इथे काम होत नाही. राज्याचे वित्त विभागाचे जीआर (शासन निर्णय) वेगळे निघतात आणि मूळ जीआरवर सुधारणा येत राहतात, म्हणून आस्थापना शाखेतून "दत्तक मूल रजा" या विषयाचा आज चालू असलेला जीआर मागून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ नको. बाल संगोपन रजा राज्यातही आहे, पण पूर्ण सेवेत १८० दिवस, ७३० नाही. लोक हा आकडा हमखास चुकवतात आणि मग क्लार्कशी भांडतात, बिचारा बरोबर असतो.

११. मी सिंगल आहे, एकटीनं / एकट्यानं दत्तक घेतोय. रजेत काही फरक?

एकट्या बाईला काहीही फरक नाही, कायद्यात लग्नाची अट नाही. फॉर्मवर नवऱ्याचं नाव विचारलं तर तो रकाना मोकळा सोडा.

एकट्या पुरुषाची मात्र पंचाईत आहे. तो मुलगी दत्तक घेऊ शकत नाही, मुलगा घेऊ शकतो, पण खासगी नोकरीत त्याला रजेचा कायदा नाही. घरात दुसरं कोणी नाही, मूल नवीन, आणि हातात फक्त ईएल (अर्जित रजा) आणि सीएल (किरकोळ रजा). केंद्र सरकारी असेल तर १५ दिवस आणि वर सांगितलेली संगोपन रजा. खासगीत असाल तर प्रश्न २३ तुमच्यासाठीच आहे.

१२. मूल घरी यायच्या आधीच इतक्या फेऱ्या होतात, त्या कशात धरायच्या?

कशातच नाही, साध्या रजेतून. होम स्टडीसाठी सोशल वर्कर घरी येतात, कागद नोटरी करायचे, मूल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेत असेल तर तिथे जायचं, कधी डॉक्टरला रिपोर्ट दाखवायचे. म्हणून नोंदणी केली की ईएल साठवायला लागा. वेटिंग वर्षांचं असतं पण फोन आला की ४८ तास असतात, आणि त्यानंतर काही आठवड्यांत मूल घरी. बाळंतपणात ऑफिसला महिनोन्‌महिने आधी कळतं, इथे कधी दोन आठवडे. मॅनेजरला आधीच सांगून ठेवायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझं म्हणणं असं की विश्वासातला असेल तर होम स्टडी झाल्यावर सांगा, म्हणजे हँडओव्हरची यादी तरी तयार राहते.

१३. ग्रुप हेल्थ इन्शुरन्समध्ये मुलाचं नाव कधी आणि कसं घालायचं?

मूल घरी आलं त्याच आठवड्यात. बहुतेक ग्रुप पॉलिसीत नवीन सदस्य घालायला ३० दिवसांची खिडकी असते, ती चुकली की रिन्यूअलपर्यंत थांबा. अडचण परत तीच, पॉलिसीत "कायदेशीर दत्तक मूल" लिहिलेलं असतं आणि तुमच्याकडे आदेश नसतो. प्रतिज्ञापत्रावर नाव घाला अशी विनंती एचआरमार्फत इन्शुरन्स कंपनीला लेखी करा आणि उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर आदेशाची तारीख हीच "घटनेची तारीख" धरून तिथून ३० दिवस मोजा असं लेखी घ्या, म्हणजे खिडकी बंद झाली असं नंतर म्हणता येत नाही.

मॅटर्निटी कव्हरचे पन्नास हजार वगैरे दत्तकाला मिळत नाहीत, ते प्रसूतीच्या खर्चाचे असतात. मुलाला आधीपासून काही आजार असेल तर ग्रुप पॉलिसीत आधीच्या आजारांना वेटिंग माफ आहे का ते बघा, बऱ्याच कंपन्यांत असतं, आणि स्वतःच्या वेगळ्या पॉलिसीपेक्षा ती इथे कामी येते.

१४. पीएफ आणि ग्रॅच्युइटीत काही बदलायला लागतं का?

लागतं, आणि हे जवळजवळ कोणी करत नाही. कायदेशीर दत्तक मूल कुटुंबात धरलं जातं. ज्यांनी कुटुंब नसताना, समजा अविवाहित असताना बहिणीच्या नावे, पीएफचं नॉमिनेशन केलंय त्यांचं ते नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द ठरतं. ग्रॅच्युइटीतही तोच नियम. आदेश आला की ई-नॉमिनेशन नव्यानं भरा. पेन्शन योजनेत मुलांचं पेन्शन २५ वर्षांपर्यंत, एका वेळी दोन मुलांना, त्यातही दत्तक मूल बसतं.

१५. कंपनी दत्तकाचा खर्च परत देते म्हणाली. त्यावर टॅक्स लागतो का?

लागतो. दत्तक खर्चासाठी आयकरात वेगळी सूट नाही, त्यामुळे ती रक्कम पगारातच धरून टीडीएस कापतात. तरी घ्या, कापून जे उरेल ते तुमचंच. पावत्या संस्थेच्या नावाच्या आणि काराच्या ठरलेल्या फीच्याच ठेवा, "डोनेशन" नावाची कुठलीही पावती असेल तर तिथे काहीतरी चुकतंय.

१६. ओळखीतून हॉस्पिटलमधून थेट नवजात बाळ मिळतंय, मग तीन महिन्यांच्या आत बसेल ना?

रजेचं राहू दे, हे करू नका. सोडलेलं किंवा सोपवलेलं मूल प्रक्रियेबाहेर घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पैसे दिले असतील तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत. रजेलाही "कायदेशीर" दत्तकच लागतं.

१७. बहिणीचं बाळ आम्ही दत्तकपत्र करून घेतलंय, काराचा काहीच कागद नाही. रजा मिळेल?

मिळायला पाहिजे. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ खाली झालेलं दत्तकही कायदेशीरच, बाल न्याय कायदा स्वतःच म्हणतो की त्यातल्या तरतुदी या दत्तकाला लागू नाहीत. फक्त दत्तकपत्र रजिस्टर केलेलं हवं, मग ते वैध असल्याचं कोर्टसुद्धा गृहीत धरतं. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं एचआर हमखास परत पाठवतो. इथे एक फायदाही आहे, मूल सोपवल्याची तारीख आणि दत्तकाची तारीख एकच असते, त्यामुळे प्रश्न ३ चा घोळ नाही, आणि तीन महिन्यांच्या अटीत खरोखर बसणारी प्रकरणं बहुतेक अशीच घरातली असायची.

१८. नवऱ्याच्या पहिल्या लग्नातली मुलगी मी आता कायद्यानं दत्तक घेतेय. मला १२ आठवडे?

अवघड. दत्तक कायदेशीर आहे, पण मुलगी आधीपासून तुमच्याच घरात राहतेय, मग "हवाली केल्याची तारीख" कोणती सांगणार? शिवाय ती सहसा चांगली मोठी असते. कायद्यावर भर देऊन हे जिंकणं कठीण, कंपनीच्या पॉलिसीतून चार-पाच दिवस मागितले तर मिळतील. इन्शुरन्स आणि नॉमिनेशनसाठी मात्र आदेशाचा पूर्ण उपयोग आहे.

१९. दोन भावंडं एकदम घेतोय, रजा दुप्पट का?

नाही, एकदाच. आणि वय वेगळं असेल, एक आठ महिन्यांचं, एक चार वर्षांचं, तर धाकट्याच्या नावानं अर्ज करा.

२०. मला आधी एक पोटचं मूल आहे, त्या वेळी २६ आठवडे घेतले होते. आता परत मिळेल का?

हो. खासगीत आधीच्या रजेचा आणि दत्तकाच्या १२ आठवड्यांचा काही संबंध नाही. केंद्र सरकारीत दोन हयात मुलं असतील तर नाही, प्रश्न ९. उलट बाजूनंही विचारतात लोक: दत्तकानंतर स्वतःला दिवस गेले तर? मग बाळंतपणाची रजा वेगळी, तिचा हक्क तसाच राहतो.

२१. फॉस्टर केअरमध्ये मूल आणलं पण दत्तक पुरं झालं नाही, मूल परत गेलं. घेतलेल्या रजेचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याची अवस्था आधीच वाईट असते, त्यात पगार कापायचं पत्र येतं. केंद्र सरकारी नियमांत याचं उत्तर आहे: तोवर घेतलेली रजा तुमच्या इतर शिल्लक रजेतून वजा करतात. खासगी नोकरीत कायदा यावर गप्प आहे. पैसे वसूल करू असं कंपनी म्हणाली तर कुठल्या नियमानं ते लेखी विचारा. रजा मागताना तुम्ही खरे कागद दिले होते, त्या दिवशी मूल तुमच्या ताब्यात होतं, ही बाजू भक्कम आहे. इन्शुरन्समधून नाव काढायला मात्र कळवायला लागतं.

२२. रजेवर असताना काढून टाकलं तर? आणि वेटिंगमध्ये असताना नोकरी बदलू का?

या रजेवर असलेल्या बाईला त्याच काळात काढणं किंवा तिच्या अटी वाईट करणं बेकायदेशीर आहे. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात. राजीनामा लिहून दे असं गोड बोलून सांगतात ते करू नका, राजीनामा दिला की ते "काढणं" राहत नाही.

नोकरी बदलण्याचं म्हणाल तर ८० दिवसांची अट नवीन मालकाकडे पुन्हा शून्यापासून. यादीत नंबर जवळ आला असेल तर ते तीन महिने मोठे वाटतात.

परत आल्यावर: ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते, दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम दोघांच्या संमतीनं ठरवता येतं. हे तिन्ही दत्तक आईलाही.

२३. आमच्या कंपनीत दत्तकाची पॉलिसीच नाही. काय मागू?

कमी मागा पण नेमकं मागा. "दत्तक पालकांसाठी काहीतरी करा" असं म्हटलं की कमिटी बसते आणि कमिटीतच ते विरतं. त्यापेक्षा एक पानाचा प्रस्ताव द्या. पहिलं, वयाची अट काढा, निदान मोठ्या मुलासाठी काही आठवडे तरी ठेवा, कारण सहा वर्षांच्या मुलाला शाळा, भाषा, घर सगळं एकदम नवीन असतं आणि त्याला रडूनही सांगता येत नाही. दुसरं, रजा फॉस्टर केअरच्या तारखेपासून, केंद्र सरकारच्या नियमासारखी, हे वाक्य तसंच द्या, सरकारी उदाहरण दिसलं की लीगल टीमचा जीव भांड्यात पडतो. तिसरं, आई किंवा बाप जो मुख्य सांभाळणारा आहे त्याला रजा, म्हणजे एकटा पुरुषही त्यात येतो. चौथं, आदेश होईपर्यंत प्रतिज्ञापत्रावर इन्शुरन्स.

खर्चाचं विचारलं तर सांगा की कुठल्याही कंपनीत वर्षाला दत्तक घेणारे मोजकेच असतात, बजेटमध्ये ही ओळ दिसणारही नाही. आणि पोर्टलमधला तो लाल चांदणीवाला रकाना ऐच्छिक करा हेही त्याच मेलमध्ये लिहा, त्याला तर एक रुपयाही लागत नाही.